गेंडीगेटचं पतंगाचं दुकान: छोट्या पोरांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

बडोद्यात पतंगांच्या दुकानांना तोटा नाही. डिसेंबर संपत आला की मांडवीपासून गेंडीगेटपर्यंत रस्ता नुसता पतंगांनी भरलेला असतो, मग एकाच दुकानाबद्दल एवढं लांबलचक लिहायचं कारण काय, तर घरात चार-पाच-सहा वर्षांचं पोर असेल आणि उत्तरायणला (म्हणजे आपल्या संक्रांतीला) ते गच्चीवर हमखास रडत असेल तर तुम्हाला हे दुकान माहीत असायला हवं म्हणून. मोठ्यांना माल कुठेही मिळतो. छोट्यांना गिऱ्हाईक समजणारा माणूस मला तरी त्या सगळ्या रस्त्यावर हा एकच सापडला.

दुकान म्हणजे पक्कं दुकान नाही, जुन्या घराच्या ओट्यावर सीझनपुरता मांडलेला माल. बोर्ड वगैरे काही नाही. एक वयस्कर चाचा बसलेले असतात, मांडीवर पतंग, नाकावर घसरलेला चष्मा आणि हात सतत किन्ना बांधण्यात. (पुण्या-मुंबईचं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी, किन्ना म्हणजे तुमची कण्णी.) मदतीला एक तरुण पोरगा आहे, त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

आधी मालाचं सांगून टाकते. पतंग सगळे कागदी. पंज्याने म्हणजे पाच-पाच घ्या नाहीतर कोडीने म्हणजे वीस घ्या, आणि लहान मुलाला एकच हवा असेल तर एकही देतात, हे मला महत्त्वाचं वाटतं कारण बाकी ठिकाणी ऐन गर्दीत एक पतंग मागितला की तोंडाकडे बघतात. मधली उभी काडी सरळ, कमान दोन्हीकडे सारखी वाकलेली, कागद ताणून चिकटवलेला. रंग मात्र घामाच्या हाताला लागतो, आमच्या घरी टॉवेल गुलाबी झाला. दोरी सुती, नऊ तार, बारा तार (म्हणजे तितके धागे पिळलेली) दोन्ही असते, हवी तेवढी वार मोजून फिरकीवर गुंडाळून देतात. नायलॉनचा तो चायनीज मांजा ठेवत नाहीत, मागितला तर सरळ नाही म्हणतात. २०१७ मध्ये हरित न्यायाधिकरणाने त्याच्यावर देशभर बंदी घातली तरी आत कुठेतरी लपवून विकणारे अजून आहेत, त्यामुळे मला हे लिहावंसं वाटलं.

आणि दहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी काचेचा मांजा देतच नाहीत, साधी न घासलेली दोरी देतात. माझ्यासमोर एक पप्पा वाद घालत होते की अहो साध्या दोरीने पेच कसा लावणार, तर चाचा शांतपणे म्हणाले, "पहले उड़ाना तो सीखने दो." मला पटलं. एवढ्या लहान बोटांना काचेचा मांजा कशाला हवाय.

आता आमच्या चिकूचं. चिकू माझा भाचा, दादाचा मुलगा, नुकती पाच पूर्ण झालीत. यंदा घरात त्याच्या छोट्या बहिणीची, छकुलीची पहिली संक्रांत होती. आपल्याकडे बाळाची पहिली संक्रांत म्हणजे केवढं असतं माहितीये ना, काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट, बाजूबंद, गळ्यातला हार, मग बोरन्हाण, वहिनीच्या माहेरची मंडळी खास गाडीने आलेली, शेजारच्या बायका, कॉलनीतली चिल्लीपिल्ली बोरं आणि चॉकलेटं गोळा करायला पाटाभोवती टपून बसलेली. खाली हॉलमध्ये हे सगळं आणि वर गच्चीवर उत्तरायण, स्पीकर, पिपूड्या, चिक्की, बोरं, ऊस, दुपारचं उंधियू-जिलेबी. खाली सगळ्यांचे मोबाईल छकुलीकडे आणि वर सगळ्यांच्या माना आभाळाकडे. चिकू दोन्हीकडे होता आणि दोन्हीकडे कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

गच्चीवर त्याच्या हातात फिरकी दिली होती. फिरकी धरणं हे काम मोठ्यांना किरकोळ वाटतं पण पाच वर्षांच्या पोराला ती दोन्ही हातांनी उंच धरून उन्हात उभं राहायचं असतं, ढील द्यायची की गरागरा सोडायची, "लपेट लपेट" ओरडले की भरभर गुंडाळायची, जरा उशीर झाला की त्याच्या मोठ्या मामेभावांच्या शिव्या, आणि "काप्यो छे" (म्हणजे कापला!) झालं की नाचतात सगळे पण ते नाचणं पतंग उडवणाऱ्याचं असतं, फिरकीवाल्याला कुणी टाळी देत नाही. त्याचे स्वतःचे पतंगही होते. दादाने एका मॉलमधून आणलेले, प्लास्टिकचे, कार्टून छापलेले, दिसायला एकदम मस्त. एकही कठड्याच्या वर गेला नाही. काडी जाड, किन्ना आधीच चुकीचा बांधलेला, सोडला की गिरकी खाऊन डोकं खाली, परत सोडला की परत तेच. चिकू ते प्रत्येक वेळी उचलून आणायचा आणि कुणाच्या तरी शर्टाला ओढायचा, "मला उडवून दे ना, माझा बघ ना." सगळे म्हणत होते थांब, हा पेच होऊ दे.

मग तो खाली आला, बोरन्हाण रंगात आलेलं, आणि सरळ जाऊन छकुलीच्या डोक्यावरचा मुकुट ओढला. मुकुट तुटला, हलवा सगळा सतरंजीवर, छकुली दचकून रडायला लागली. तेव्हा मात्र सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

कोण काय बोललं ते लिहिते कारण आपल्या सगळ्यांच्याच घरी हेच बोललं जातं. एवढा मोठा झालास ना आता, दादा आहेस तू तिचा. शहाणी मुलं असं करतात का. रडतोस काय मुलीसारखा. उद्या तुला याच्यापेक्षा भारी पतंग आणू, दहा आणू, पण आता गप्प. मला या सगळ्या वाक्यांचा राग येतो, खरंच येतो. शेवटच्याचा जास्त, कारण ते प्रेमाने बोललेलं असतं आणि त्याने मुलाला एवढंच कळतं की याचं रडणं बंद करायला हे पैसे देतायत. त्याचं काय बिनसलंय हे एकानेही विचारलं नाही. कपाळामागचा मेंदूचा जो भाग आपल्याला राग गिळायला आणि जरा थांबायला मदत करतो तो विशी उलटून गेल्यावरही तयार होत असतो म्हणे डॉक्टर लोक, आणि आपण पाच वर्षांच्या पोराकडून अपेक्षा करतो की त्याने पाहुण्यांसमोर एका मिनिटात शांत व्हावं. त्याला त्या दिवशी भूक लागली होती, उन्हात डोकं तापलं होतं, त्याचा पतंग उडाला नव्हता आणि त्याची आई सकाळपासून त्याच्या वाट्याला आली नव्हती. यातली एक गोष्टसुद्धा मोठ्या माणसाला चिडचिडं करायला पुरते.

तर दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण. सकाळी मी त्याला स्कूटरवर पुढे उभं केलं, आडवी येणारी दोरी अडवायला ती तारेची कमान लावलेली आहेच, त्याच्या आणि माझ्या गळ्याला मफलर (हे प्लीज सगळ्यांनी करा, त्या दोन दिवसांत दोरी कुठून आडवी येईल सांगता येत नाही) आणि गेंडीगेटला गेलो. या चाचांबद्दल शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं.

मी म्हटलं, "चाचा, बच्चे के लिए दो-चार पतंग दे दो." त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, म्हणजे उद्धटपणे नाही, त्यांनी चिकूकडे बघितलं आणि विचारलं, "आप कौन सी उड़ाते हो?" चिकू माझ्या ओढणीमागे. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर चाचांनी हाताने थांबवलं आणि आपलं किन्ना बांधत बसले. बांधला, दुसरा घेतला, मागे लोक उभे, तो तरुण पोरगा "बेन जल्दी करो" करतोय, आणि चाचा वाट बघतायत. शेवटी चिकू मराठीत बोलला, "माझा उडतच नाही."

चाचांना मराठी चांगलं समजतं, त्यांची निम्मी गिऱ्हाइकं आपलीच, दांडिया बाजारातली मराठी माणसं आहेत. म्हणाले, "नहीं उड़ती? क्यों नहीं उड़ती, देखते हैं." असं कुणी त्याला विचारलंच नव्हतं! आदल्या दिवशी सगळ्यांनी एकतर तुला येत नाही म्हटलं होतं नाहीतर दुसरा आणू म्हटलं होतं. चाचांनी एक छोटा पिवळा पतंग काढला, मधल्या काडीच्या टोकांवर दोन बोटांत आडवा धरला आणि चिकूला दाखवलं की बघ, हा या बाजूला झुकतोय, या बाजूला वजन जास्त आहे, म्हणून असा पतंग वर गेला की तिकडेच गिरक्या घेतो. मग हलक्या बाजूच्या कमानीला कागदाचा एक बारीक तुकडा चिकटवला. परत धरला, आता सरळ. चिकूला धरायला दिला. किन्ना बांधताना गाठीवर त्याचं बोट ठेवायला सांगितलं, वरचा दोरा किती, खालचा किती, मोजून दाखवलं. मला विचारलं सकाळी उडवणार की दुपारी, कारण वारा जोरात असला तर वरचा दोरा जरा आखूड ठेवतात. खाली कागदाची लांब शेपटी लावली, म्हणाले नवीन उडवणाऱ्याला शेपटीवाला पतंग सांभाळायला सोपा, तो डगमगत नाही. मोठ्या पोरांना शेपटीचा पतंग म्हणजे कमीपणा वाटतो. चिकूला शेपटी खूप आवडली.

मग ते जे बोलले त्यासाठी मी हे दुकान लोकांना सांगत सुटलेय. पतंग त्याच्या हातात देता देता म्हणाले, "ये कटेगी, हाँ. सबकी कटती है, मेरी भी कटती थी. जब कटे ना, तो देखना किधर गई. फिर मुझे आके बताना."

फुकट पतंग दिला नाही. चॉकलेट दिलं नाही. बऱ्याच दुकानांत मूल रडवेलं दिसलं की काहीतरी हातात कोंबतात आणि आपण थँक्यू म्हणतो. इथे पैसे चिकूच्या हातून घेतले आणि सुट्टे पण त्याच्याच हातात दिले, एकेक नाणं मोजून. आमच्या गुजरातेत गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, लोक त्यांना मूछाळी मा, म्हणजे मिशीवाली आई म्हणायचे, आपल्या ताराबाई मोडकही तिथे त्यांच्याबरोबर काम करत होत्या. छडी नको तसंच बक्षिसाचं आमिषही नको, मुलाला माणूस म्हणून वागवा, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितलेलं. चाचांनी ते वाचलं असेल की नाही माहीत नाही, पण ओट्यावर बसून ते अगदी तेच करत होते आणि मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना करत होते.

आता गच्चीवर काय झालं. दादाने पतंग वर नेला आणि दोरी चिकूच्या हातात दिली, पाठीमागे स्वतः उभा राहिला, बोटांना आधी टेप गुंडाळलेली. फिरकी यावेळी मी धरली. पतंग खरंच स्थिर राहिला, ठुमकी दिली की जरा वर सरकायचा, शेपटी हलायची, आणि चिकू ओरडायला लागला, "आत्तू बघ, बाबा बघ, आई कुठेय, आईला बोलव." वहिनी छकुलीला आजीकडे देऊन वर आली आणि कठड्याजवळ न जाता खाली बसून नुसती बघत राहिली त्याच्याकडे. पतंगाकडे नाही, त्याच्याकडे. मग बाजूच्या गच्चीवरून कुणीतरी पेच लावला, साध्या दोरीचं काय चालणार, गेला.

रडला. खूप रडला, हे मी लपवत नाही, कुणी समजेल की चाचांनी जादू केली आणि पोर एकदम समजूतदार झालं तर तसं काही नाही. फिरकीला लाथ मारली, माझ्यावर ओरडला, उंधियूची वाटी सरकवून दिली. पण यावेळी कुणी गप्प बस म्हटलं नाही. दादाने फक्त विचारलं, "कुठे गेला रे, दिसला का तुला?" आणि हुंदके देत देत त्याने बोट केलं, त्या लिंबाच्या मागे, टाकीवरून, मग खाली गेला. चाचांना सांगायचंय म्हणाला. नंतर परत रडला. मग बऱ्याच वेळाने स्वतःच येऊन म्हणाला दुसरा लावूया, शेपटीवाला.

नंतर आम्ही सांगायला गेलो तेव्हा चाचांचा ओटा निम्मा आवरलेला होता, उरलेले पतंग गठ्ठ्यात बांधणं चाललेलं. मला वाटलं ओळखणार नाहीत, सीझनमध्ये किती पोरं येत असतील. त्यांनी चिकूला बघितलं आणि म्हणाले, "पीली, पूँछवाली. किधर गई?" आणि चिकूने लिंब, टाकी, शेजारची गच्ची, कुणी कापला, सगळं मराठी-हिंदी-गुजराती मिसळून सांगितलं, पाल्हाळ लावून, आणि चाचांनी हातातलं काम खाली ठेवून पूर्ण ऐकलं. मध्ये एकदा विचारलं सुद्धा, "लिंब के आगे या पीछे?" त्या दिवशी आम्ही काही विकत घेतलं नाही.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. तो मदतीचा पोरगा तुसडा आहे, चाचा जेवायला उठलेले असतील तर मूल घेऊन थांबू नका, तो पतंग हातात आपटतो आणि पुढचा पुढचा करतो. भाव ठरलेला, घासाघीस चालत नाही, आणि बाजूच्या हातगाडीपेक्षा पतंगामागे दोन-चार रुपये जास्तच पडतात. मला ते जड वाटले नाहीत कारण किन्ना बांधून मिळतो. ऑनलाइन पेमेंटचं काही खरं नाही, सुट्टे घेऊन जा. बसायला जागा नाही, सावली नाही, सगळा वेळ रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि मागून स्कूटरवाले हॉर्न मारत जातात, पोराचा हात सोडू नका. तेरा तारखेच्या रात्री तर लहान मुलाला घेऊन त्या रस्त्यावर अजिबात जाऊ नका, चालायला जागा नसते आणि चाचांना कुणाशी बोलायला वेळही नसतो. आणि त्यांना थोडं कमी ऐकू येतं, मूल हळू बोललं तर त्याचं बोलणं तुम्ही पुन्हा सांगू नका, मुलालाच परत बोलू द्या, ते वाकून ऐकतात.

घरी काय काय लागेल तेही सांगते. गुंदरपट्टी (गोंद लावलेली चिकटपट्टी) घ्या, कागदी पतंग फाटतात आणि फाटलेला चिकटवणं हे काम पाच वर्षांचं मूल फार आवडीने करतं. टोपी, पाणी आणि जेवणाची वेळ पाळा, उपाशी मुलाचा पतंग कापला गेला तर रडणं दुप्पट. कठडा बुटका असेल तर मुलाला मध्यभागी उभं करा, मान वर करून मागे मागे सरकत जातात ती. भल्या पहाटे आणि सूर्यास्ताच्या वेळी पक्षी थव्याने उडत असतात तेव्हा दोरी खाली ठेवा, आणि जखमी पक्षी सापडला तर १९६२ वर फोन करा, दहा ते वीस जानेवारी गुजरातभर करुणा अभियान चालतं, गाडी येते. चिकूला हा नंबर आता पाठ आहे.

दुकानाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या तुसड्या पोराचा कापला. जायचं तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, ऊन असलं तरी तेव्हा गर्दी नसते. गाडी आत घालू नका, लांब लावून चालत जा. आणि गेल्या गेल्या शेपटीवाले छोटे पतंग आहेत का ते विचारा, ते थोडेच बनवतात आणि आधी संपतात.